हळदीच्या फोटोतला दगड

शंका घेण्याचा मला पगार मिळायचा. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम उघडायचा आणि तो कुठे दगा देईल ते शोधत बसायचं, हे माझं हिंजवडीतलं काम. एखादा प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात नीट चालला की बरं वाटायच्या ऐवजी मला चुटपुट लागायची. ही सवय ऑफिसातच ठेवून घरी यावं असं मी पुष्कळदा ठरवलं, पण जमलं नाही. भाजीवाल्याच्या तराजूपासून नवऱ्याच्या "मीटिंग लांबली"पर्यंत सगळं मी तपासून घ्यायची. नवरा तेव्हा कंपनीच्या कामानं परदेशात होता, त्यामुळे तपासायला त्याचा फोनवरचा आवाज तेवढा मिळायचा.

आम्ही मूळचे लातूरकडचे. भुकूममध्ये, पौड रस्त्यापासून थोडं आत, एका शेतकरी कुटुंबानं भाड्यानं द्यायला बांधलेल्या दोन खोल्यांत मी राहत होते. घरमालक आणि मालकीणबाई साठीच्या आसपासचे. मी त्यांना काका-काकू म्हणायची. काका मला मॅडम म्हणत, काकू 'पोरी' म्हणत. त्यांची एकुलती लेक २००३ साली लग्न होऊन गेली, तिच्यानंतर घरात मीच काय ती बडबड करणारी उरले. ऑफिसातून आले की काकूंचा चहा तयार असायचा. चहावर मात्र मी कधी शंका घेतली नाही.

घरामागं काकांचं भाताचं खाचर होतं आणि बांधापलीकडं त्यांच्या धाकट्या भावाचं. धाकटे कितीतरी वर्षं शहरात कंपनीची बस चालवत होते. तोवर दोन्ही खाचरं काकाच कसत. नोकरी संपवून धाकटे गावी परत आले, बांधावर उभे राहिले आणि म्हणाले, बांध सरकलाय.

भांडण समजायला सोपं होतं. बांधाच्या टोकाला एक काळा दगड होता. वाटणी करताना दोघांच्या वडिलांनी तो स्वतः उभा केला होता. शेजारीच विजेचा लोखंडी खांब. धाकटे म्हणत होते, दगड खांबाच्या अलीकडं, म्हणजे घराच्या बाजूला होता. आता तो खांबाच्या पलीकडं दिसत होता. मधली पट्टी धाकट्यांच्या खाचरातून काकांच्या खाचरात आली होती. वाटणी तोंडी झालेली, सातबाऱ्यावर दोघांची नावं एकत्र, त्यामुळे मोजणीवाला येऊनही उपयोग नव्हता. आणि गावात ज्यांना ठाऊक होतं ते दोन भावांच्या मध्ये पडायला तयार नव्हते.

मारुतीच्या देवळात चार जाणती माणसं बसली. मी नेमकी त्याच वेळी बसमधून उतरून तिथून चालले होते. धाकट्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"ह्या बाईंनी पोरीच्या हळदीला फोटू काढलं व्हतं. हळद खाचराच्या कडंला लागली, मागं बांध हाय. त्यात दगूड दिसंल."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. काका म्हणाले, "दिसंल की. काढा मॅडम फोटू. आमाला काय लपवायचंय?"

आणि असं ते प्रकरण माझ्या गळ्यात पडलं.

फोटो मी काढले होते, यात शंका नाही. नवऱ्यानं पहिल्या परदेशवारीतून डिजिटल कॅमेरा आणला होता, त्याचं मला अप्रूप होतं. लग्न पौडच्या कार्यालयात झालं, तिथले फोटो फोटोग्राफरचे. हळद मात्र घरची, तिचे फोटो फक्त माझ्याकडं. पण ज्या कॉम्प्युटरवर ते होते तो एका वळवाच्या विजेत जळाला होता. राहिला होता तो बॅकअप, तीन सीडींवर घेतलेला. माझ्या खोलीत पावसाळ्यात चपलांना, पुस्तकांना, गादीलासुद्धा बुरशी यायची, म्हणून त्या तीन सीडी मी काकूंच्या लोखंडी कपाटात ठेवायला दिल्या होत्या. "तिसरीत हळदीचे फोटो आहेत, जपा," असंही सांगितलं होतं.

मी सीडी मागितल्या तेव्हा काकूंनी दोन कपाटातून काढल्या. तिसरी देव्हाऱ्यातून काढली. तिच्यावर कुंकवाचा डाग होता. माझ्या मनात नोंद झाली.

शनिवारी सकाळी बसले. पहिली अडचण म्हणजे माझ्या नव्या लॅपटॉपला तो बॅकअपच ओळखता येईना. तो ज्या जुन्या प्रोग्रॅमनं घेतला होता तो नव्या मशीनवर नव्हता. ऑफिसातल्या एका मित्राच्या अडगळीतून जुना कॉम्प्युटर मागून आणला, त्यावर जुनीच सिस्टिम टाकली, आणि मग पहिली सीडी निमूटपणे वाचली गेली. दुसरीही. त्यानंतर मशीननं तिसरी मागितली. अशा बॅकअपची मेख ही असते की कोणती फाईल कुठे आहे याचा सगळा पत्ता शेवटच्या सीडीवर लिहिलेला असतो. ती वाचली नाही तर आधीच्या दोन असून नसल्यासारख्या.

तिसरी सीडी ड्राइव्हमध्ये घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. मग स्क्रीनवर आलं, वाचता येत नाही.

आधी ड्राइव्हवर संशय घेतला. दुसऱ्या सीडी घालून पाहिल्या, त्या वाचल्या. सोमवारी ती सीडी ऑफिसला नेली, तिथल्या तीन मशीनवर लावली, तिन्हीकडं तेच. शेवटी खिडकीशी जाऊन उजेडात तिरकी धरली. चकाकणाऱ्या बाजूवर गोल गोल बारीक ओरखडे होते, शेकडो, धुरकट जाळं पसरल्यासारखे. निसटून पडलेल्या सीडीवर एखाद-दुसरा ओरखडा असतो. ही कुणीतरी मन लावून घासली होती.

माझं डोकं लगेच धाकट्यांकडं गेलं. तसं पाहिलं तर फोटो मागणारे तेच, त्यांना सीडी बिघडवून काय मिळणार? पण माझ्या धंद्यात असं सरळ चालत नाही. समजा सीडी बिघडली आहे हे त्यांना आधीच माहीत आहे. मग चारचौघांत फोटो मागायचे, फोटो निघायचे नाहीत, आणि लोक म्हणणार, काकांनीच भाडेकरणीला हाताशी धरून दाबले. दर दसऱ्याला ते भावाकडं सोनं द्यायला येत. बसायचे ते नेमके देव्हाऱ्याच्या खोलीत. माझ्या मनात सगळं जुळलं.

त्याच आठवड्यात ते माझ्या दाराशी आले, हातात इंद्रायणी तांदळाची पिशवी.

"ताई, कंप्युटरमदी फोटू बदलता बी येत्यात म्हनं?"

"येतात," मी म्हणाले. "आणि बदललेला ओळखताही येतो."

"तेच म्हनतुया. कुनी बदलू नये."

"तांदूळ घेऊन जा," मी म्हणाले. "फोटो निघेपर्यंत मी कुणाकडून काही घेणार नाही."

त्यांचा चेहरा पडला. "तांदूळ फोटूसाठी न्हाई ओ ताई. नवा हाय म्हनून आनला." पण पिशवी उचलून गेले. मला तेव्हा आपण फार नेकीनं वागलो असं वाटलं होतं.

काकूंना मी सरळच विचारलं. त्या अंगणात भांडी घासत होत्या. सीडी पुढं धरून म्हटलं, "ही कुणी घासली?"

"मी," त्या म्हणाल्या. एका शब्दात. मान वर केली नाही.

"कशानं?"

"चिंच आन राख. दसऱ्याला देव घासत्यात, तांब्या घासत्यात, कोयता-विळा घासून पाटावर मांडत्यात. तुझी बी मांडली. तू म्हनली व्हतीस ह्याच्यात हळदीचं फोटू हायेत. मग पुजायला नको?"

मी कपाळावर हात मारला आणि मग हसत सुटले. दर वर्षी माझी सीडी कोयत्याशेजारी बसून चिंचेनं उजळली जात होती! चकाकती बाजू म्हणजे तिचं तोंड, तेव्हा तीच घासायची, तिलाच हळद-कुंकू लावायचं. काकूंचं यात काही चुकलं असं मला वाटेना. उलट, धाकट्यांवर उगाच संशय घेतला म्हणून थोडी लाज वाटली, आणि काकूंबद्दल माया आली. शंका घेणाऱ्या माणसानं एकदा का कुणाला निर्दोष सोडलं की सुटकेच्या आनंदात तो पुढचं काहीच विचारत नाही.

मग मी दुरुस्तीला लागले. ओरखडे पडलेली सीडी टूथपेस्टनं पुसतात, पण गोल गोल नाही, मधून कडेकडं सरळ. मऊ फडकं, थोडी पेस्ट, पाणी, आणि कंटाळा येईपर्यंत तेच. त्यानंतर सीडी हळूहळू वाचणारा एक प्रोग्रॅम लावला. जिथं वाचता येत नाही तो भाग तो सोडून देतो आणि पुढं जातो. फायलींचा पत्ता शेवटपर्यंत मिळालाच नाही. तो ज्या भागात होता तो भाग चिंचेनं खाल्ला होता. मग उरला एकच मार्ग. प्रत्येक फोटोच्या सुरुवातीला एक ठरावीक खूण असते. ती खूण हुडकत सगळा ढीग उपसायचा आणि सापडेल तो तुकडा फोटो म्हणून उघडून पाहायचा.

या सगळ्यात दोन शनिवार-रविवार गेले. काका सारखे डोकवायचे.

"निघालं का, मॅडम?"

"अजून नाही."

पहिल्यांदा मला वाटलं, बिचारे घायकुतीला आले आहेत. लवकर फोटो निघावा, भावाचं तोंड बंद व्हावं. मी त्यांना समजावून सांगायची, इतका भाग वाचला, इतका राहिला. ते मान हलवत ऐकायचे. मग दुसऱ्या शनिवारी दुपारी ते दारात उभे राहून म्हणाले, "न्हाई निघत तर ऱ्हाऊ द्या. कशाला डोळं फोडून घेताय? मी सांगतो मंडळींना, मशीन बिघडलं म्हनून."

"मशीन बिघडलेलं नाही काका. निघेल."

"व्हय का," ते म्हणाले आणि तिथंच उभे राहिले. त्यांची नजर माझ्याकडं नव्हती, स्क्रीनवरच्या टक्क्यांकडं होती. आकडा पुढं सरकला की त्यांचा जबडा आवळायचा. हे मी पाहिलं. फोटो हवा असलेल्या माणसाचा चेहरा असा दिसत नाही.

रविवारी सकाळी फोटो यायला लागले. एखाद्याचा नुसता वरचा पट्टा, एखादा निम्मा, खाली सगळं करडं. बायकांचे पदर, मांडवाचा कोपरा, कुणाच्या तरी शेळीची शिंगं. आणि मग नवरीचा. नवरी पाटावर बसलेली, फोटोच्या खालच्या अर्ध्यात. मुंडावळ्यांपर्यंत ती दिसत होती, त्याच्या खाली चेहऱ्याच्या जागी करडा रंग. वरचा अर्धा भाग मात्र लख्ख. खाचर, बांध, विजेचा खांब. आणि काळा दगड खांबाच्या अलीकडं, घराच्या बाजूला. धाकटे म्हणाले होते अगदी तिथंच.

मी तो फोटो मोठा करून पाहिला. सावल्या पाहिल्या, खांबावरचा गंज पाहिला. दुसरा एक तुकडा मिळाला, त्यातही दगड तिथंच. चूक माझी असावी असं मला मनापासून वाटत होतं, पण ती नव्हती.

पाठीमागं बांगड्या वाजल्या. काकू चहा घेऊन आल्या होत्या. मी फोटो बंद करायला हात नेला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. चहा खाली ठेवला आणि माझ्या शेजारी गादीच्या काठावर बसल्या. बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी बोट उचललं, पण दगडाकडं नाही. करड्या भागाकडं.

"हितं तोंड व्हतं ना तिचं?"

"हो."

"गेलं?"

"गेलं काकू. तेवढा भाग वाचता येत नाही."

"मी दगूड जावा म्हनून घासत व्हते," त्या म्हणाल्या. "तू लग्नानंतर दाखवलंस तवाच त्यो दगूड मला दिसला व्हता. पुढं पावसात बांध फुटला, नवा घातला, आन मग रातंदिस मला त्यो फोटूच आठवाया लागला. टाकून द्यायला हात झाला न्हाई. लेकीची हळद हाय त्यात. म्हनलं घासावं. दगूड जाईल, लेक ऱ्हाईल. देवापुढं बी ठिवला. त्येला म्हनलं, तूच बघ बाबा."

मला राग आला. खरं सांगायचं तर फार राग आला. अंगणात भांडी घासता घासता या बाईनं मला एका शब्दात गुंडाळलं होतं. आणि तिचं बोलणं तरी खोटं होतं का? चिंच खरी, राख खरी, दसरा खरा. पगार घेऊन शंका घेणाऱ्या मला खऱ्यात लपवलेलं सापडलं नव्हतं.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"आज देवळात बसनार हायेत. तू काई बोलू नको. ह्यांना बी सांगू नको."

म्हणजे आता मला गप्प बसवणार, मी मनात म्हटलं. त्या गेल्यावर मी फोटोच्या दोन प्रती वेगवेगळ्या सीडींवर घेतल्या, एक कागदावर छापली आणि पर्समध्ये घातली. काकूंचा चहा मी त्या दिवशी प्यायले नाही. पहिल्यांदाच.

दुपारी देवळापुढं मंडळी जमली. धाकटे एका बाजूला पायरीवर बसले होते, टोपी हातात घेऊन. काका उभे होते.

"मॅडमनी लई खटपट केली," काका सगळ्यांना म्हणाले. "पर सीडी खराब निघाली. आता त्याला कोन काय करनार?" आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती. मी इतकी वर्षं त्यांच्या घरात राहिले होते, माझ्या तापात डॉक्टर त्यांनी आणला होता. माझा हात पर्सच्या चेनवर होता. धाकटे माझ्याकडं बघतही नव्हते. त्यांनी आशा सोडली होती.

मी चेन उघडली.

"फोटू कशाला पायजे?" मागून आवाज आला. काकू पारापाशी उभ्या होत्या, डोक्यावरचा पदर घट्ट धरून. पुरुषांच्या बैठकीत त्या कधी बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. "दगूड कुटनं हलला ते मी दावते. चला."

आणि त्या चालू लागल्या. काका म्हणाले, "घरी चल." त्या थांबल्या नाहीत. एक म्हातारा उठला, मग दुसरा, मग सगळेच. घराच्या बाजूनं, गोठ्यावरून, खाचरात. भात कापून झालेला, पायाखाली धसकटं. काकू खांबाच्या अलीकडं काही पावलांवर जाऊन उभ्या राहिल्या आणि टाचेनं जमीन दाबली.

"हितं," त्या म्हणाल्या.

धाकट्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली. पर्समधला कागद मी बाहेर काढलाच नाही. त्याची आता कुणालाच गरज नव्हती.

काकू बांधाच्या टोकाशी गेल्या. पदर कमरेला खोचला, खाली बसल्या आणि दगडाच्या एका बाजूखाली दोन्ही हात घातले. धाकटे मदतीला पुढं धावले.

"तुमी नगा, भावजी," त्या म्हणाल्या. मग मान वर करून नवऱ्याकडं पाहिलं. "तुमी या. नेताना मी धरला व्हता. आता आनताना तुमी धरा."

काका सगळ्यांच्या मधोमध उभे होते. वाटलं, आता पाठ फिरवून जातील, काहीतरी ओरडतील. ते हळूहळू पुढं आले, धोतर वर खोचलं आणि दुसऱ्या बाजूला वाकले.